बोधनिक मानसशास्त्र ऑनलाइन शिकताना: आधी प्रयोग स्वतःवर, मग पुस्तक

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरच्या नंदनवन भागात राहणारी आमच्या गटातली एक मुलगी कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि आम्ही बाकीचे पाच जण गूगल मीटवर तिची स्क्रीन बघत होतो. रंगांची नावं एकामागून एक येत होती. ‘लाल’ हा शब्द निळ्या अक्षरांत आला की तिने निळ्याची कळ दाबायची, एवढंच काम. नियम तिला पाठ होता. तरी तिचं बोट लालच्या कळीकडे निघालं, अर्ध्यात थबकलं आणि मग निळ्यावर आलं. ती म्हणाली, "मॅडम, मला माहीत असूनही हात तिकडेच काऊन जाते?" काऊन, म्हणजे का.

त्या एका प्रश्नावर आम्ही पाऊण तास बोललो. जॉन रिडली स्ट्रूप यांनी हा प्रयोग १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. वाचन आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की समोर आलेला शब्द न वाचणं हेच कठीण होऊन बसतं. हे वाक्य कुठल्याही क्रमिक पुस्तकात सापडेल, पण ज्याचं बोट असं थबकलं आहे त्याला ते पाठ करावं लागत नाही.

मी मानसशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं काटोल, उमरेड, हिंगणा, कामठी अशा ठिकाणच्या मुलांना ऑनलाइन गटांत बोधनिक मानसशास्त्र शिकताना बघते आहे. अवधान म्हणजे लक्ष, संवेदन म्हणजे डोळ्या-कानांनी आलेल्याचा अर्थ लावणं, शिवाय स्मृती, भाषा, विचार, निर्णय हा या विषयाचा पसारा. इथे प्रयोगशाळा तुमच्या डोक्यातच आहे आणि ती उघडायला लॅपटॉप पुरतो. म्हणून माझं एकच सांगणं आहे: प्रत्येक प्रकरणातला प्रयोग आधी स्वतःवर करा, आकडे लिहून ठेवा, ते तसे का आले याचा अंदाज बांधा आणि त्यानंतरच पुस्तक किंवा व्हिडिओ उघडा. हा क्रम उलटला की अर्धा विषय हातून जातो, कारण उत्तर ठाऊक असताना केलेल्या प्रयोगात तुम्ही स्वतःच्या मनाकडे बघत नाही, पुस्तकाशी आपला आकडा जुळतो का ते बघत बसता.

पदवी हवी की विषय, हे आधी ठरवा

हा मुद्दा कोरडा आहे, पण इथे चूक झाली तर पैसा आणि वर्ष दोन्ही जातात. आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी २०२१ साली जो राष्ट्रीय कायदा झाला त्याच्या कक्षेत मानसशास्त्र येतं. त्या आधारावर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विद्यापीठांना कळवलं की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने देऊ नये. म्हणजे पुढे समुपदेशक किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल, तर नियमित महाविद्यालयात प्रवेश घेण्यावाचून गत्यंतर नाही. "घरबसल्या मानसशास्त्रात एमए" अशी जाहिरात दिसली तर आधी यूजीसीच्या संकेतस्थळावर जाऊन खातरजमा करा.

विषय शिकायला मात्र कुणाची आडकाठी नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर आणि आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’वर मनाच्या मूलभूत प्रक्रियांचे अभ्यासक्रम असतात. नोंदणी मोफत, व्हिडिओ मोफत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरून केंद्रावर जाऊन पेपर द्यावा लागतो. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याचे स्वाध्याय असतात, त्यांतले सर्वोत्तम आठ धरून २५ गुण आणि परीक्षेचे ७५. तुम्ही नियमित महाविद्यालयात असाल तर २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) स्वयम्‌वरून घेता येतात. पण तुमच्या महाविद्यालयाने तो अभ्यासक्रम मान्य केलेला असायला हवा, म्हणून नोंदणी करण्याआधी विभागप्रमुखांना लेखी विचारून घ्या.

खाजगी कोर्सबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. एका कोर्सला मी बरेच पैसे भरले होते. देखण्या स्लाइड्स, शेवटी दहा प्रश्न, छापील प्रमाणपत्र, सगळं मिळालं. तीन महिन्यांनी एका विद्यार्थ्याने त्यातलाच एक प्रयोग विचारला, तर मला प्रयोग करणाऱ्याचं नाव सांगता आलं, त्याने नेमकं काय केलं ते सांगता आलं नाही. त्या कोर्समध्ये माझ्या हातून काही घडलंच नव्हतं. तेव्हापासून पैसे भरण्याआधी मी एकच विचारते: यात प्रयोग कोण करणार, ते की मी? आणखी एक खूण. जो कोर्स "तुम्ही डोळ्यांनी शिकणारे की कानांनी शिकणारे" अशी विभागणी करून सुरू होतो तो सोडून द्या. प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवलं तर तो जास्त शिकतो, या दाव्याला प्रयोगांतून पुरेसा आधार मिळालेला नाही. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गांबद्दल तर बोलायलाच नको.

साहित्य काय लागतं

लॅपटॉप किंवा साधा संगणक, कळफलकासकट. मोबाइलवर व्हिडिओ बघता येतील, पण प्रतिक्रिया काळ, म्हणजे शब्द दिसल्यापासून कळ दाबेपर्यंतचा वेळ, मोजायचा तर बोटं ठरलेल्या कळांवर टेकलेली हवीत. ब्लूटूथ कळफलक असेल तर तो बाजूला ठेवा, त्यातून होणारा उशीर तुमच्या आकड्यांत मिसळतो. नेट संथ असलं तरी चिंता नाही. असे प्रयोग एकदा ब्राउझरमध्ये उतरले की तुमच्याच संगणकावर चालतात आणि वेळही तिथेच मोजली जाते. अडचण होते ती उघड्या ठेवलेल्या वीस टॅबची आणि बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगची. साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते, म्हणजे एका बदलाला सुमारे १७ मिलिसेकंद. त्यामुळे घरच्या यंत्रावर दोन-चार मिलिसेकंदांच्या फरकाला काही अर्थ नाही, पन्नास-शंभराच्या फरकाला आहे.

प्रयोगांसाठी ‘सायटूलकिट’ हे संकेतस्थळ मोफत आहे. त्याच्या संग्रहात स्ट्रूप, दृश्य शोध, मानसिक परिभ्रमण (मनातल्या मनात आकृती फिरवणं), पोझनरची अवधान-चाचणी असे कितीतरी नावाजलेले प्रयोग तयार आहेत. उघडा, करा, शेवटी आकडे समोर येतात. स्वतःचा प्रयोग बांधायची वेळ येईल तेव्हा ‘सायकोपाय’ घ्या. तेही मोफत आहे आणि आज्ञावली न लिहिता चौकटी जोडून त्यात प्रयोग उभा करता येतो. आकडेमोडीला ‘जामोवी’ किंवा ‘जास्प’, उजळणीला ‘अँकी’ हे प्रश्नोत्तरांच्या पत्त्यांचं ॲप. सगळं एकाच दिवशी उतरवून घेऊ नका. पहिले तीन आठवडे सायटूलकिट आणि एक वही यांच्यावर निघतात.

आणि जागा. नागपूरच्या उन्हाळ्यात हा प्रश्न खरा असतो. दुपारी दोन वाजता पारा ४५ च्या घरात, कूलरचा आवाज, मध्येच लाईट जाते. अशा वेळी केलेल्या अवधानाच्या प्रयोगात तुम्ही अवधान मोजता की उकाडा, हे सांगता येत नाही. प्रयोग सकाळी सहा ते आठच्या दरम्यान करा आणि शक्यतो रोज त्याच वेळी. अभ्यासिकेत जागा लावली असेल तर वाचन तिथे करा, प्रयोग घरीच, कारण काही प्रयोगांत मोठ्याने बोलायचं असतं. वहीत प्रत्येक प्रयोगाच्या वर तारीख, वेळ, किती तास झोप झाली आणि कूलर चालू होता की बंद एवढं लिहा. पुढे आकडे विचित्र आले की हीच ओळ कामाला येते.

आठवड्याची घडी

पहिल्या दिवशी फक्त प्रयोग. शीर्षकापलीकडे काही वाचायचं नाही. करण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: "मला वाटतं असं होईल." दुसऱ्या दिवशी आकडे मांडा, आलेख हाताने काढा आणि त्याखाली कारणाचा अंदाज लिहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी व्याख्यान बघा आणि पुस्तकातलं प्रकरण वाचा. पाचव्या दिवशी काही न बघता कोऱ्या कागदावर प्रयोग पुन्हा लिहून काढा. सहाव्या दिवशी गटाची बैठक. सातवा दिवस मोकळा सोडा, कारण आठवडाभरात एखादा दिवस बुडतोच.

विषयांचा क्रम मी असा लावते: पहिले दोन आठवडे अवधान, मग संवेदन, मग तीन आठवडे स्मृती, पुढे भाषा आणि शेवटी निर्णय. स्मृतीला तीन आठवडे का, ते पुढे कळेल. ती कळली की तुमची अभ्यासाची पद्धतच बदलते.

स्ट्रूपचे आकडे कसे वाचायचे

हा प्रयोग पहिल्या आठवड्यात घ्या. शब्द आणि रंग जुळतात अशा फेऱ्यांचा प्रतिक्रिया काळ एका रकान्यात, न जुळणाऱ्यांचा दुसऱ्यात. चुकलेली उत्तरं वेगळी मोजा, त्यांचा वेळ सरासरीत धरू नका. २०० मिलिसेकंदांहून कमी वेळात आलेलं उत्तर म्हणजे बोट आधीच निघालेलं होतं, तेही काढा. दारावरची बेल वाजली म्हणून चार सेकंद लागलेली एखादी फेरी सरासरी बिघडवून टाकते. त्यासाठी सरासरीबरोबर मध्यकही काढायची सवय लावा, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलायचा.

समजा जुळणाऱ्या फेऱ्यांचा मध्यक ६९० आला आणि न जुळणाऱ्यांचा ८१०. फरक १२० मिलिसेकंद. आता वहीत लिहा की हे १२० मिलिसेकंद कुठे गेले असतील. शब्द वाचण्यात? दोन उत्तरांतून एक निवडण्यात? की निघालेलं बोट मागे घेण्यात? लिहून झाल्यावर पुस्तक उघडा. संशोधकांनीही वर्षानुवर्षं याच प्रश्नावर वाद घातलेला आहे, आणि तुम्ही त्या वादात स्वतःचं मत घेऊन शिरता.

यानंतर आपल्याकडचाच एक प्रयोग करा. नागपुरात बहुतेक जण घरी मराठी, बाजारात हिंदी आणि अभ्यासात इंग्रजी वापरतात. कागदाच्या तीन तक्त्यांवर तिन्ही भाषांतली रंगांची नावं वेगळ्याच रंगांच्या स्केचपेनने लिहा आणि अक्षरांचा रंग मराठीत मोठ्याने सांगत मोबाइलवर वेळ मोजा. कोणत्या भाषेतला शब्द जास्त आडवा येतो? उत्तराची भाषा आणि शब्दाची भाषा वेगळी असली तरी अडथळा येतोच, बहुधा काहीसा कमी. मराठी माध्यमातल्या आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे तक्ते शेजारी ठेवले की गटात सगळ्यांत जास्त बोलणं याच दिवशी होतं. फक्त ‘लाल’ हा शब्द मराठी-हिंदीच्या तुलनेतून वगळा, तो दोन्हीकडे एकच आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगते. अशा चाचणीत फरक मोठा आला म्हणून "माझं लक्ष लागत नाही, मला काहीतरी आजार आहे" असं ठरवू नका. हा प्रयोग माणसांचं मन साधारणपणे कसं चालतं ते दाखवतो, एका माणसाचं निदान करत नाही. लक्ष लागण्याची अडचण खरोखर रोजच्या कामात आड येत असेल तर तज्ज्ञाला भेटा.

स्मृतीचे तीन आठवडे

जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात अधिक-उणे दोन हा आकडा मांडला, तो सगळ्यांना ठाऊक असतो. एका वेळी साधारण तेवढेच घटक आपण धरून ठेवतो. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये उजळणी आणि गट पाडण्याच्या युक्त्या वगळून हा आकडा चारच्या आसपास आणला. पण आकडा पाठ करण्यापेक्षा तो का बदलतो हे बघण्यात खरा विषय आहे, आणि ते बघायला मराठीइतकं चांगलं साहित्य नाही.

पाच शब्दांच्या दोन याद्या करा. पहिली: माठ, वीट, पूल, मीठ, ढोल. दुसरी: वर्तमानपत्र, महानगरपालिका, संत्राबर्फी, रेल्वेस्थानक, पाणीपुरवठा. अशा पाच-सहा जोड्या बनवा आणि मैत्रिणीला सांगा की मीटवर एकेक शब्द सेकंदाच्या अंतराने दाखव. शेवटच्या शब्दानंतर त्याच क्रमाने लिहून काढायचं. शब्द दोन्हीकडे पाचच, तरी लांब शब्दांची यादी लवकर ढासळते. ॲलन बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हेच दाखवलं: साधारण दोन सेकंदांत जेवढं मनातल्या मनात म्हणता येतं तेवढं टिकतं. बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीचं, म्हणजे काम करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीचं, जे प्रारूप मांडलं त्यातला ध्वनीचा फेरा तो हाच.

आता त्यावर कडी. त्याच प्रकारच्या नव्या याद्या घ्या आणि शब्द बघत असताना तोंडाने सतत "काऊन काऊन काऊन" म्हणत राहा. थांबायचं नाही. जीभ कामात गुंतली की मनातल्या मनात उजळणी करता येत नाही. दोन्ही याद्या पडतात, आणि गंमत म्हणजे छोट्या-लांब शब्दांमधला फरकच पुसला जातो. प्रयोगशाळेत यासाठी इंग्रजीतला ‘द द द’ म्हणवून घेतात. आमच्या गटात ‘काऊन’ रुळलं, आणि आता मुलं परीक्षेत ध्वनीच्या फेऱ्याचा प्रश्न आला की आधी ओठांवर हसू आणतात आणि मग लिहायला घेतात.

याच धाग्याने पुढे जा. वेल्श भाषेतले अंक इंग्रजी अंकांपेक्षा उच्चारायला जास्त वेळ घेतात, म्हणून दोन्ही भाषा बोलणाऱ्यांना वेल्शमधून कमी अंक लक्षात राहतात, असं १९८० मध्ये आढळलं. मग आपलं काय? फोन नंबर मराठीत सांगताना आणि इंग्रजीत सांगताना किती वेळ लागतो, मोजा. त्यानंतर दोन्ही भाषांत अंकांची स्मृती तपासा. एक अंक वाढवत जा, दोनदा सलग चुकलात की थांबा. यात कोणतं उत्तर येईल ते मी मुद्दाम सांगत नाही, तुमच्या सवयीवर बरंच अवलंबून आहे.

तिसऱ्या आठवड्यात खोट्या आठवणींचा प्रयोग करा. घरातल्या चार जणांना ही यादी सावकाश वाचून दाखवा: कूलर, घाम, माठ, दुपट्टा, कैरी, पन्हं, टरबूज, वाळा, सावली, तहान, सुट्टी, चटका. दोन मिनिटं इकडचं-तिकडचं बोला. मग विचारा, यादीत कोणते शब्द होते? कुणीतरी खात्रीने ‘उन्हाळा’ म्हणेल, बहुधा एकाहून जास्त जण. तो शब्द यादीत नाही. हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये ही रीत नावारूपाला आणली. प्रयोग संपताच समोरच्याला खरं काय ते सांगा. हे शिष्टाचाराचं नाही, संशोधनातल्या नीतीचं कलम आहे.

या प्रकरणाला जोडून एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग वाचाच. ४५ विद्यार्थ्यांना अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्या किती वेगात होत्या ते विचारलं. प्रश्नात क्रियापद तेवढं वेगळं. "चक्काचूर होईल अशा आदळल्या" या अर्थाच्या शब्दाला सरासरी उत्तर ताशी ४० मैलांच्या वर आलं, "एकमेकींना लागल्या" या अर्थाच्या शब्दाला ३१.८. मराठीत आदळल्या, धडकल्या, ठोकल्या, घासल्या, लागल्या अशी शब्दांची रेलचेल आहे. शेवटच्या प्रकल्पासाठी हा प्रयोग मनात धरून ठेवा.

शिकलेलं स्वतःच्या अभ्यासाला लावा

हेरमान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करत स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये विस्मरणाचा वक्र मांडला. पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरतो, मग वेग मंदावतो. रोडिगर आणि जेफ्री कारपिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे देऊन बघितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर, वाचण्याऐवजी आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे. वरच्या घडीतला पाचवा दिवस, कोऱ्या कागदाचा, याच कारणाने ठेवला आहे. तो सगळ्यांत नकोसा वाटतो, आणि पुन्हा वाचताना मात्र "येतंय की सगळं" असा भास होतो. त्या भासाला बळी पडू नका.

अँकीत पत्ते करताना व्याख्या टाकू नका. "अवधान म्हणजे काय" हा पत्ता निरुपयोगी आहे. "पार्टीच्या गोंगाटात स्वतःचं नाव ऐकू येतं, मग निवड कुठल्या टप्प्यावर होते?" हा चांगला पत्ता. इंग्रजी पुस्तकं वापरत असाल तर पारिभाषिक शब्दांचे वेगळे दोन भाषांतले पत्ते करा: संवेदन, प्रत्यावाहन (आठवून सांगणं), प्रत्यभिज्ञा (समोर आल्यावर ओळखणं), अवलंबी परिवर्त्य (प्रयोगात जे मोजायचं ते). मराठीत पेपर लिहिणाऱ्यांची हीच जागा कच्ची राहते. आठवड्याला वीस-पंचवीसांहून जास्त नवे पत्ते घेऊ नका, नाहीतर दीड महिन्याने उजळणीचा डोंगर साचतो आणि सगळंच सुटतं.

सनावळीसाठी जुनी स्थानपद्धत वापरून बघा. ओळखीच्या वाटेवरच्या थांब्यांवर एकेक चित्र ठेवायचं. आपल्या नागपूर मेट्रोची ॲक्वा लाइन त्यासाठी नामी आहे. सीताबर्डीला गाडीत चढताना फलाटावर १८७९ ची लाइप्झिगची व्हुंट यांची, मानसशास्त्राची पहिली समजली जाणारी प्रयोगशाळा मांडलेली. झाशी राणी चौकात एबिंगहाउस निरर्थक अक्षरं पुटपुटत उभे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सला सगळ्या पाट्या चुकीच्या रंगात, म्हणजे स्ट्रूप. शंकरनगरला मिलर सात पिशव्या सांभाळत चढतात आणि दोन खाली पडतात. एलएडी चौकात उल्रिक नायसर १९६७ चं, या विषयाला नाव देणारं पुस्तक हातात घेऊन. असे लोकमान्यनगरपर्यंत अकरा थांबे आहेत. चित्रं जितकी विचित्र तितकी टिकतात. एकदा प्रत्यक्ष गाडीत बसून ही उजळणी केलीत तर फारच उत्तम.

गटाची बैठक

चार ते सहा जण. याहून जास्त झाले की दोघं बोलतात आणि बाकीचे कॅमेरा बंद करतात. एक तास पुरे.

बैठकीआधी प्रत्येकाने आपले आकडे सामायिक तक्त्यात भरलेले हवेत, नावाऐवजी ठरवलेल्या खुणेने. आकडे न भरणाऱ्याने त्या दिवशी नुसतं ऐकायचं, हा नियम कडक ठेवा. पहिली दहा मिनिटं सगळ्यांचे अंदाज वाचायचे, चुकलेलेसुद्धा. मग तक्ता उघडायचा. एकट्याच्या आकड्यांत जे दिसत नाही ते सहा जणांच्या आकड्यांत दिसायला लागतं, आणि एखाद्याचा आकडा उलटा आला तर त्याच्या वहीतली कूलरची ओळ काढायची. त्यानंतर एकाने पाच मिनिटं टिपणाशिवाय प्रयोग समजावून सांगायचा. ऐकणाऱ्यांनी "म्हणजे नेमकं काय केलं?" एवढाच प्रश्न विचारत राहायचा. शेवटची पंधरा मिनिटं एका वादाच्या प्रश्नाला.

लाईट जाणार हे धरून चाला. तक्ता आणि प्रश्न आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर टाकून ठेवले तर कुणाची लाईट गेली तरी तो मोबाइलच्या डेटावरून आवाजापुरता हजर राहू शकतो.

शेवटचा प्रकल्प

नवव्या आठवड्यापासून एक जुना प्रयोग स्वतः उभा करा. लॉफ्टस-पामरचा मराठी अवतार मला सगळ्यांत आवडतो. रक्तपात नसलेली, दोन गाड्या हळूच एकमेकींना लागल्याची दहा सेकंदांची चित्रफीत घ्या. दोन ऑनलाइन फॉर्म करा, शब्दाशब्दाने सारखे, फरक फक्त क्रियापदाचा: एकात ‘आदळल्या’, दुसऱ्यात ‘लागल्या’. कोणाला कोणता फॉर्म जाईल हे नाणं उडवून ठरवा, ओळखीवरून नाही. प्रत्येक बाजूला निदान वीस जण घ्या. सुरुवातीला माहितीपूर्ण संमती, मध्येच सोडून जाण्याची मोकळीक, नाव-फोन काही विचारायचं नाही. अठराखालच्या मुलांना घेऊ नका, त्यांच्यासाठी पालकांची संमती लागते. आधीच अपघातातून गेलेल्या कुणाला त्रास होऊ नये म्हणून फॉर्मच्या पहिल्याच ओळीत विषय सांगा.

उत्तरं येण्याआधी तुमचा अंदाज आणि आकडेमोडीची पद्धत तारखेसह लिहून गटात पाठवून ठेवा, म्हणजे नंतर सोयीची पद्धत निवडायचा मोह होणार नाही. जामोवीत दोन गटांच्या सरासरीची तुलना करा. फरक आला नाही तरी अहवाल लिहायचाच, आणि का आला नसेल तेही लिहायचं: चित्रफीत फार हळू होती का, ‘लागल्या’ हा शब्द नागपुरी कानाला वेगळा लागतो का.

अहवालाबरोबर एका पानाचा मराठी गोषवारा करा आणि ज्यांनी फॉर्म भरला त्यांना पाठवा. पाठवण्याआधी तो घरातल्या कुणाला तरी, शक्यतो मानसशास्त्राशी संबंध नसलेल्या माणसाला, मोठ्याने वाचून दाखवा. ते जिथे थांबवून "म्हणजे काय?" विचारतील तिथे पेन्सिलने खूण करा आणि तेवढीच वाक्यं पुन्हा लिहा.